मंजुळावहिनीच्या हातचं काडतूस

जेवणं उरकून मी नुकतीच ओसरीवर टेकले होते, तर दारात आमच्या गावचा सुपडू उभा. डोक्यावर टोपी नाही, पायात वहाणा नाहीत. जळगावला येताना आमच्या गावचा माणूस असा बोडक्या डोक्याने येत नाही. "अक्का, लवकर चाला," तो म्हणाला, "मंजुळावहिनी गयी." मला आधी कळेचना. गयी म्हणजे कुठे गेली? माहेरी गेली? आणि मग एकदम कळलं, आणि तोंडातून पहिला प्रश्न निघाला तो असा, "दारू पेटली का रे? काडतूस फुटलं?" सुपडू माझ्याकडे बघतच राहिला. "नही वो अक्का. बिबडा टाकाले धाब्यावर चढनी व्हती. पाय सरकना."

बिबडे! म्हणजे ज्वारीचे बिबडे, ते पापडासारखे, वाळत घालताना घराच्या धाब्यावरून पडून माझी वहिनी मेली. दहा-अकरा वर्षं ज्या बाईने बंदुकीची दारू हाताळली, रायफलीची काडतुसं भरली, आणि हाताला साधा चटका म्हणून लागू दिला नाही, ती बिबडे थापायला अंथरलेल्या ओल्या धोतरावर पाय पडून खाली आली. मला अजून हे पटत नाही. आज इतके आठवडे झाले, लिहायला बसले आहे, तरी मधूनच वाटतं की सुपडूने काहीतरी चुकीचं सांगितलं असणार. मी तोंडाची फटकळ आहे हे माझ्या ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी चोपड्यापर्यंतच्या सगळ्या रस्त्यात मी एक अक्षर बोलले नाही. बसमध्ये शेजारची बाई दोनदा विचारून गेली, "ताई, पाणी देऊ का?"

मंजुळावहिनी आमच्या घरात आली ती स्वराज्य मिळालं त्याच्या दुसऱ्या वर्षी. तिचं माहेर धुळ्याकडचं. आमचं घर चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. केळीची बाग, थोडा कापूस, आणि डोंगरातून उतरणारी रानडुकरं. एक कळप आत शिरला की एका खेपेत अख्खी ओळ आडवी करून जातो. म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, राखणीसाठी रायफलीचा परवाना काढलेला होता. वहिनीच्या वडिलांकडेही तशीच रायफल होती, त्याच जातीची. आमच्यात अजून थट्टा चालते की पत्रिका कुणी पाहिलीच नाही, दोन्ही व्याह्यांनी एकमेकांची काडतुसं घालून पाहिली आणि सोयरीक जमली. वहिनीला भाऊ नव्हता. त्यामुळे तिच्या वडिलांनी रिकाम्या काडतुसांत पुन्हा दारू-गोळी भरायची विद्या मुलीलाच शिकवली, आणि लग्नात तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर आंदण म्हणून काय दिलं, तर काडतुसं दाबायचा एक पोलादी साचा. गाव लोटलं होतं तो बघायला. बायका म्हणाल्या, हा कसला गं शेवयांचा साचा? वहिनी नवी नवरी, पण ताडकन म्हणाली, "हाई मन्हं माहेरनं शे. येले कोनी हात लावानं नही." मी तिथेच तिच्यावर खूश झाले.

ते काम ती कसं करायची ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. काडतूस उडालं की गोळी जाते, पण पितळेची नळी उरते. ती नळी बार होताना बंदुकीच्या आत फुगते, आणि ज्या बंदुकीत फुगली तिचाच आकार घेते. जोडा कसा, रोज घालून घालून त्या एका माणसाच्या पायाचा होतो, तसं. नळी पुन्हा भरायची तर तिला साच्यात घालून दाबून आवळावी लागते. वहिनीच्या माहेरचा साचा नळीचा फक्त गळा आवळायचा, जिथे गोळी बसते तेवढाच. बाकीचं अंग जसं फुगलं असेल तसंच राहायचं. आबांच्या रायफलीला ते चालायचं, कारण ती हाताने खिट्टी ओढून भरायची रायफल. नळी जरा घट्ट गेली तर तळहाताचा एक दणका दिला की बसली. पितळही कमी झिजायचं, एकेक नळी कितीतरी वेळा भरून निघायची. आणि त्या दिवसांत परदेशी माल येईना झालेला, पितळेची नळी म्हणजे सोन्यासारखी जपायची. दुपारची माजघरात चटई टाकून ती बसायची. आधी चिंचेच्या पाण्यात नळ्या लख्ख घासायच्या, उन्हात वाळवायच्या, मग दाबायच्या, मग भरायच्या. त्या वेळात माजघरात चुलीचा निखारा नाही, विडी नाही, आणि बोलणंही नाही. आबांनासुद्धा ती सरळ सांगायची, "आबा, बाहेर बठा." आणि आबा, ज्यांना बस म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती, ते मुकाट्याने ओट्यावर जाऊन बसायचे.

तिच्या हाताला गावात मान होता. नुसता बंदुकीपुरता नाही. हात सरळ, काम नेमकं, जिभेला लगाम... लग्नघरी हळद दळायच्या जात्याला पहिला हात लावायला आमच्याकडे चांगल्या हाताची सवाष्ण बोलावतात, तो मान आजूबाजूच्या तीन-चार गावांत वहिनीचा असायचा. तिला त्याचं फार कौतुक होतं. हातभर बांगड्या भरून, नऊवारीचा काठ नीट करून ती निघाली की भाऊ, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा नवरा, मुद्दाम वाटेत उभा राहायचा आणि म्हणायचा, "बाई, लग्न कोणाचं आहे? तुमचंच का?" ती लाजून त्याला बाजूला सारायची.

मग संस्थानं गेली, आणि एका संस्थानाच्या शिकारखान्यातले एक साहेब आपली रायफल विकायला निघाले. भाऊ ती घेऊन आला. ही नवी तऱ्हा होती. हिची खिट्टी हाताने ओढायची नाही. घोडा दाबला की बार होतो, रिकामी नळी आपणहून बाहेर उडते आणि पुढचं काडतूस आपणहून आत चढतं. भाऊला कोण आनंद! दिवसभर रायफल पुसतोय. वहिनीने एकच गोष्ट विचारली, काडतूस कोणतं? तर तेच, आबांच्या रायफलीचंच. मग तिने आपल्या हातची दोन-तीन काडतुसं नव्या रायफलीत घालून पाहिली. आत जाताना ती अडखळायची. आबांच्या रायफलीत फुगलेली ती अंगं, हिच्यात कुठून मावणार? आणि ही तर आपल्या स्प्रिंगने मिटणारी, तळहाताचा दणका द्यायला जागाच नाही. वहिनीने फर्मान काढलं, नव्या रायफलीत फक्त दुकानातून आणलेली कोरी काडतुसं जातील, घरी भरलेली फक्त आबांच्या रायफलीत. दिसायला दोन्ही सारखीच लख्ख. म्हणून ओळखायला तिने खूण केली. घरी भरलेल्या प्रत्येक काडतुसाच्या बुडाला कुंकवाचा टिळा. कुंकू असेल ते आबांचं, कोरं असेल ते भाऊचं. लहान पोरालाही समजावं असं. दोन्हीचे डबेही वेगळे. सगळं छान चाललं होतं.

त्या वर्षी दसऱ्याला मी माहेरी गेले होते. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं पुजतात. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आणि दोन्ही रायफली. वहिनीला नेमका आदल्या दिवशी कावळा शिवलेला. ती मागच्या अंगणात गोठ्याशेजारी बाजूला बसलेली, कशाला शिवायचं नाही, पूजेच्या जागेकडे यायचं नाही. भाऊ बागेत. आबांनी सोवळं नेसून पाट मांडला, रायफली आडव्या ठेवल्या, आणि डोक्यात काय आलं कोण जाणे, दोन्ही डबे आणून सगळी काडतुसं एका परातीत ओतली आणि ओळीने उभी केली. मी फुलं निवडत होते. आबा करंड्यात बोट घालून एकेका काडतुसाला कुंकू लावायला लागले. आणि मागच्या दारातून वहिनीचा आवाज आला, "आबा! त्यासले कुंकू नका लावा! बठ्ठा एक व्हई जातीन!" सगळी एकसारखी झाली की ओळखायची कशी, असं तिला म्हणायचं होतं.

आबांचं बोट थांबलं. एरवी ते आमच्यासारखंच घरचं बोलायचे, पण रागावले की पुस्तकातलं बोलायला लागायचे. ते मागे न वळता म्हणाले, "सणासुदीच्या दिवशी सवाष्णीने कुंकू लावू नका म्हणावं? आणि तेही अशा अवस्थेत? किती अभद्र बोलावं माणसाने!" मी म्हटलं, "आबा, त्या काय म्हणतायत ते तरी ऐका, त्या खुणेचं..." "तूही गप्प राहा," आबा म्हणाले, आणि राहिलेल्या सगळ्या काडतुसांना कुंकू लावून टाकलं. अगदी भक्तीने, एकही न चुकवता. पूजा झाली, काडतुसं एकाच डब्यात गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण सणाच्या दिवशी म्हाताऱ्या बापाशी किती भांडणार? मी मागच्या अंगणात गेले. वहिनी दुरूनच म्हणाली, "तुमना भाऊले सांगा, त्या डबामाईन एकबी काडतूस लेवानं नही. मी नहाईसन निवडसू." तिला हाताने चाचपून ओळखता येत होती ती काडतुसं, पण हातच लावायचा नव्हता ना. मी भाऊला सांगितलं. तो म्हणाला, "हो हो, सांग तिला, नाही घेत." आणि सणाच्या गडबडीत ते त्याच्या डोक्यातून पार निघून गेलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ऊन नुकतंच अंगणात आलेलं, बागेतून सालदार गड्यांची ओरड आली. डुकरं! भाऊने नवी रायफल उचलली, डब्यातून मूठभर काडतुसं घेतली आणि पळाला. पुढचं मी सालदारांच्या तोंडून ऐकलं. पहिला बार लागला, पण डुक्कर पडलं नाही, वळलं. भाऊने दुसरा बार काढायला घोडा दाबला, तर काही नाही. काडतूस अर्धं आत, अर्धं बाहेर, खिट्टी मिटेना, मागेही येईना. तो खाली मान घालून ते उपसायला गेला आणि डुकराने मांडी फाडली. एका सालदाराने कुऱ्हाड घालून ते हाकललं नसतं तर...

बाजेवर घालून आणलं त्याला. रक्ताने बाज ओली झालेली. आबा ओट्यावरून उठले आणि तिथेच खिळल्यासारखे उभे राहिले. आम्ही बायका नुसत्या किंचाळतोय. आणि मागच्या अंगणातून वहिनी आली. धावत नाही, सरळ, भराभर. पदराचा बोळा केला, मांडीत कोंबला आणि दोन्ही तळहातांनी दाबून धरला. ती बाजूला बसलेली आहे हे सगळ्या आळीला माहीत होतं. चोपड्याच्या दवाखान्यापर्यंत बैलगाडीत तिने ते हात उचलले नाहीत. डॉक्टर म्हणाले, ह्या बाईंनी दाबून धरलं म्हणून माणूस हाती लागला. भाऊ वाचला. पाय मात्र तेव्हापासून ताठ राहिला.

आणि गावाने काय म्हणावं? "बाईच्या हातचं काडतूस, दुसरं काय व्हई?" अडकलेलं काडतूस वहिनीने भरलेलं होतं, हे खरंच होतं. तेवढंच गावाला कळलं. कुंकवाचं कुणाला ठाऊक? मला, वहिनीला, भाऊला. आणि आबांना. मी त्याच संध्याकाळी दारोदार सांगत सुटणार होते, पण वहिनीने मला दवाखान्याच्या व्हरांड्यात गाठलं. डोळे सुजलेले, पदर अजून रक्ताने कडक. "अक्का, तुम्ही काही बोलानं नही. तुमले मन्ही आन शे. आबाले एकच पोऱ्या. त्यासले लोके बोलनात तं त्या जगतीन का?" मी म्हटलं, "आणि तुम्हाला बोलतील ते?" ती म्हणाली, "माले सवय व्हई जाई." शपथ घातली म्हणून मी गप्प बसले. भाऊलाही तिने तेच सांगितलं. त्याने काय करावं, तर तो बरा झाल्यावर गावात छाती काढून सांगायचा, हिच्या हातचं काडतूस नसेल तर मी बागेत पाऊल टाकणार नाही. लोक हसायचे, म्हणायचे, बायकोवेडा आहे. आणि आबा? आबा मूग गिळून बसले. सगळं माहीत असून. त्यांना एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक, की कुंकू मी लावलं. ते त्यांच्याच्याने निघालं नाही. भाऊच्या दुखण्यात मी माहेरीच राहिले, पण आबांशी कितीतरी दिवस धड बोलले नाही. भाकरी वाढायची, आणि उठून जायचं.

त्यानंतर वहिनीला हळद दळायला कुणी बोलावलं नाही. एकदा शेजारच्या गावी लग्न होतं, ती सवयीने नवं लुगडं काढून बसली, आणि बोलावणं आलं ते तिच्या चुलतजावेला. नवऱ्याला लंगडं करणारा हात जात्याला कोण लावू देणार? तिने लुगडं घडी करून परत पेटीत ठेवलं. मी त्या दिवशी तिथे होते. रडले ती मीच.

पण काडतुसं भरायचं तिने सोडलं नाही. आबा म्हणाले, ह्या घरात पुन्हा तो उद्योग नको. ती म्हणाली, "मंग तुमना पोऱ्यानी बाग डुकरं खातीन." भाऊ अजून अंथरुणावर, म्हणून आबाच तिला घेऊन धुळ्याला निघाले, नवी रायफल आणि परवाना बरोबर घेऊन. मीही गेले, कारण मला राहवेना. तिथल्या बंदुकीच्या दुकानात म्हातारे शेठ होते, भले गृहस्थ. त्यांनी आबांना बसायला दिलं, पानसुपारी पुढे केली, आणि तीन साचे काढून ठेवले. एक वहिनीच्या माहेरच्यासारखा, गळाच आवळणारा. दुसरा नळीचं सगळं अंग आवळणारा. तिसराही सगळं अंग आवळणारा, पण थोडा अधिकच घट्ट, आपोआप भरणाऱ्या रायफलींसाठी मुद्दाम केलेला. शेठ आबांना म्हणाले, "पहिल्यात पितळ टिकतं. तिसऱ्यात पितळ लवकर थकतं, तडकतं, आणि हल्ली नळ्या मिळतात कुठे? मी तर दुसरा घ्या म्हणेन." आबांनी वहिनीकडे पाहिलं.

वहिनीने पदराची गाठ सोडून आपल्या नळ्या टेबलावर ओतल्या. शेठच्या दाबयंत्रावर आधी दुसऱ्या साच्यातून काही नळ्या काढल्या, आणि रायफल उघडून एकेक नळी आत सोडली. बहुतेक गेल्या. एक जराशी थांबली, अंगठ्याने हलकेच टेकवल्यावर बसली. शेठ म्हणाले, "एवढ्याने काही होत नाही, बाई." बहुधा खरंही असेल. पण वहिनी त्या एका नळीकडे बघत राहिली. मग तिसरा साचा लावला. त्यातून काढलेली प्रत्येक नळी सोडली की आपल्या वजनाने आत जाऊन बसायची, बोट लावायला नको. तिने सगळ्या पुन्हा काढून पुन्हा सोडून पाहिल्या. मी कंटाळले, आबा जांभया द्यायला लागले, ती थांबेना. "हाऊ द्या," ती शेवटी म्हणाली. शेठ म्हणाले, "नळ्या फुटतील बरं लवकर." "पितळ फुटी तं फुटू द्या. मानूस नको फुटाले." आणि आबांची रायफल? तिच्या नळ्याही आता ह्याच साच्यात दाबायच्या, तिने सांगून टाकलं. दोन रायफली, एक साचा, एक डबा. कोणतीही नळी कुठेही जाईल. खूणच नको.

शेठने सहज विचारलं, "मागे काही झालं होतं का? काडतूस अडकलं, असं कानावर आलं होतं." मी आबांकडे पाहिलं. म्हटलं, बोला. इथे तर परका माणूस आहे, गाव नाही, आता तरी बोला. आबा दाराबाहेर टांग्यांकडे बघत बसले. आणि वहिनी खाली मान घालून म्हणाली, "मन्ही चूक व्हती." माझ्या जिवाची नुसती तडफड झाली. तेवढ्यावर थांबली नाही ती. पिशवीतून माहेरचा साचा काढला, आंदणाचा, वडील तर तोवर वारलेही होते, आणि टेबलावर ठेवून म्हणाली, "हाऊ तुम्ही ठेवा, शेठ. घरमा दोन नकोत." मी हात धरला तिचा. म्हटलं, "अहो, माहेरची एवढीच तर वस्तू!" तिने हात सोडवून घेतला. त्या साच्यात कुणी पुन्हा चुकून नळी दाबली तर, एवढीच तिला धास्ती. परतीच्या बसमध्ये आबा सगळ्या वाटेवर नवा साचा मांडीवर घेऊन बसले होते.

एकच बदल झाला. वहिनी पुढच्या खेपेला बाजूला बसायला मागच्या अंगणात निघाली, तर आबा म्हणाले, "बस झालं ते. घरातच राहा." ते का म्हणाले, कुणी विचारलं नाही. पण गावाला काही कुंकवाचं सांगायला आबा गेले नाहीत. गावात तिचा हात वाईट तो वाईटच राहिला. इतकी वर्षं त्या बाईने ते सोसलं, त्या हातांनी भरलेली काडतुसं घेऊन माझा भाऊ लंगडत बागेत जायचा आणि धड परत यायचा. एकही काडतूस पुन्हा अडकलं नाही. मी तिला एकदा चिडून म्हटलं, "वहिनी, मेल्यावर तरी तुमचं नाव धुतलं जाईल का हो?" ती हसली आणि म्हणाली, "तव्हय माले काय करनं शे?" असं बोलायला नको होतं मी, असं आता वाटतं, पण तेव्हा आम्ही दोघी शेंगा फोडत होतो, आणि मरण कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आता एक राहिलं. त्या संध्याकाळचं. इतका वेळ ते लिहायचं टाळत होते.

मी पोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. गाव जमलेलं, शेजारच्या गावचेही. न्हाऊ घातलं होतं, हिरवं लुगडं नेसवलं होतं, हातात चुडा. चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही, नुसती कानाजवळ थोडी माती राहिलेली. भाऊ भिंतीला टेकून बसला होता, ताठ पाय पुढे पसरून, आणि कुणी काही विचारलं की "हो, हो" म्हणायचा. सवाष्ण गेली की तिचा मळवट कुंकवाने भरतात. मी नणंद, म्हणून करंडा माझ्या हातात दिला. मी कुंकवात अंगठा बुडवला आणि वाकले. आणि माझ्या डोक्यावरून आबांचा आवाज आला, "थांब."

आबा ओट्यावरून काठी टेकत खाली उतरले. बायका बाजूला झाल्या. सासऱ्याने इतकं जवळ यायची रीत नाही. कुणीतरी त्यांच्या कोपराला हात लावला, तो त्यांनी झटकला. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. ते तिच्या उशाशी उभे राहिले आणि गावाकडे तोंड करून म्हणाले, "मन्हा पोऱ्याना पाय हिनी नही मोडा. काडतूसले कुंकू मी लावं व्हतं. हाई नको म्हने, माले वरडीसन सांगे, नको लावा. मी हिले अभद्र म्हनं." एवढं बोलून त्यांना दम लागला. ज्यांनी तिचं हळदीचं बोलावणं बंद केलं होतं त्या बायका समोरच उभ्या होत्या. भाऊने प्रथमच मान वर केली.

मग आबा वाकले. माझ्या लाल अंगठ्याकडे पाहिलं, तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, आणि विचारलं, "लावू का वो माय?"

माझा हात तसाच राहिला. आणि खरं सांगते, मी, भाऊ, सगळं गाव, आम्ही तिच्या तोंडाकडे बघत थांबलो.